व्हाइट मॅटर आणि चार मानसिक आजार : ‘फरक सापडला’ हे वाक्य कसं वाचायचं?

मानसिक आजार आणि मेंदू या विषयात संशोधन करायचं ठरवलंत, तर लिटरेचर रिव्ह्यू करताना एक पेपर तुमच्यासमोर येणारच. ‘मॉलिक्युलर सायकियाट्री’ या जर्नलच्या २०२० सालच्या अंकातला, जपानमधल्या ‘कोकोरो’ नावाच्या संशोधकगटाचा. स्किझोफ्रेनिया, बायपोलर डिसऑर्डर, ऑटिझम आणि डिप्रेशन या चारही निदानांच्या लोकांचं व्हाइट मॅटर त्यांनी एकाच पद्धतीने मोजलं. निष्कर्ष थोडक्यात असा : स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर एकमेकांसारखे दिसतात, ऑटिझमशी त्यांचं थोडं साम्य आहे, आणि डिप्रेशनचा गट निरोगी लोकांच्या जवळ आहे.

वाक्य वाचायला सोपं आहे. पण ते चुकीचं वाचलं तर काय होतं बघा. एखादा विद्यार्थी प्रपोजलमध्ये लिहितो, “एमआरआयवरून स्किझोफ्रेनिया ओळखता येतो.” डिप्रेशन असलेल्या मुलीचे वडील तेच वाक्य बातमीत वाचतात आणि म्हणतात, “म्हणजे हिच्या मेंदूत काही नाहीच, हे सगळे मनाचे खेळ!” दोघांनीही पेपरात नसलेली गोष्ट वाचली. तर आज आपण हा पेपर नीट उलगडून बघू. मुद्दा एकच : ‘फरक सापडला’, ‘फक्त इथेच सापडला’ आणि ‘सापडला नाही’ या तीन वाक्यांचे खरे अर्थ काय, आणि त्यांच्या मर्यादा कुठे आहेत.

मुळात चार आजार एकत्र का तपासायचे?

मधुमेहाचं निदान रक्तातल्या साखरेवर होतं. मानसिक आजारांचं निदान मात्र आजही बोलण्यावर, वागण्यावर आणि लक्षणं किती काळ टिकली यावर होतं. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत एक मोठी रेघ ओढली. एका बाजूला आज आपण ज्याला साधारणपणे स्किझोफ्रेनिया म्हणतो तो आजार, आणि दुसऱ्या बाजूला मूडचे चढउतार असलेला आजार. सव्वाशे वर्षं उलटली तरी आपल्या निदानाच्या यादीत ती रेघ बऱ्याच अंशी टिकून आहे.

पण जनुकांचा अभ्यास सुरू झाला आणि ती रेघ पुसट व्हायला लागली. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका प्रचंड अभ्यासात मेंदूशी संबंधित २५ आजारांची जनुकीय माहिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली गेली. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांच्यातला जनुकीय सहसंबंध ०.६८ च्या आसपास आला. म्हणजे दोन्ही आजारांचा धोका वाढवणाऱ्या जनुकीय घटकांचा मोठा भाग सामाईक आहे. साहजिकच पुढचा प्रश्न आला : जनुकं एवढी सामाईक आहेत, तर मेंदूच्या रचनेतही तसंच दिसतं का?

व्हाइट मॅटर म्हणजे काय, आणि ते मोजतात कसं?

मेंदूच्या पेशींमधून लांब तंतू निघतात, त्यांना अ‍ॅक्सॉन म्हणतात. बऱ्याच अ‍ॅक्सॉनवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. त्यामुळे संदेश वेगाने जातात, आणि त्या आवरणामुळेच हा भाग पांढरट दिसतो. मेंदूच्या आकारमानाचा जवळपास निम्मा भाग या व्हाइट मॅटरचा आहे. विशीतल्या माणसाच्या मेंदूतले मायलिन असलेले तंतू एकापुढे एक ठेवले, तर लांबी दीड लाख किलोमीटरच्या घरात जाते. यातला सगळ्यात मोठा जुडगा म्हणजे डाव्या-उजव्या मेंदूला जोडणारा कॉर्पस कॅलोसम. त्यात सुमारे २० कोटी तंतू आहेत.

आता अडचण अशी की एक तंतू साधारण एक मायक्रोमीटर जाडीचा, आणि आपल्या स्कॅनमधला एक ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, साधारण दोन मिलिमीटरचा. एका व्हॉक्सेलमध्ये लाखो तंतू मावतात. ते वेगवेगळे दिसणं शक्यच नाही. म्हणून आपण तंतू बघत नाही, त्यांच्या आजूबाजूचं आणि आतलं पाणी कसं सरकतं ते बघतो.

कल्पना करा, उसाची घट्ट बांधलेली मोळी आहे आणि तिच्यात एक मुंगी शिरली. उसाच्या लांबीच्या दिशेने ती सहज जाईल. आडवं जायला मात्र प्रत्येक कांडं वाटेत येईल. तीच मुंगी विस्कटलेल्या कडब्यात सोडली, तर कुठल्याही दिशेला सारखीच जाईल. पाण्याच्या रेणूंचंही असंच. मोकळं पाणी शरीराच्या तापमानाला ५० मिलिसेकंदांत एका दिशेने सरासरी १७ मायक्रोमीटर सरकतं. तंतूंच्या गर्दीत आडव्या दिशेचं सरकणं बरंच कमी होतं. १९९४ साली बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहां यांनी हे सरकणं गणितात बसवणारी पद्धत मांडली. तिलाच डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग, म्हणजे डीटीआय म्हणतात.

त्यातून सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा म्हणजे फ्रॅक्शनल अ‍ॅनायसोट्रॉपी, थोडक्यात एफए. तो ० ते १ मध्ये असतो. पाणी सगळीकडे सारखं सरकलं तर ०, एकाच दिशेने सरकलं तर १.

इथेच पहिली खबरदारी. एफए म्हणजे मायलिन नव्हे! गारफिश नावाच्या माशाची घ्राणेंद्रियाची नस घ्या. तिच्यावर मायलिन नसतं, तरी तिच्यात पाणी एकाच दिशेने जास्त सरकतं, हे १९९४ सालीच दाखवलं गेलं आहे. म्हणजे मोळी घट्ट असली की झालं, उसाला पाचट असो वा नसो. शिवाय दोन मोळ्या एकमेकींना छेदून जात असतील, तर तिथे दोन्ही निरोगी असूनही एफए कमी येतो. आणि व्हाइट मॅटरच्या बहुतेक व्हॉक्सेलमध्ये असे छेदणारे तंतू आहेत. म्हणून ‘एफए कमी’ एवढ्यावरून ‘मायलिन खराब’, ‘तंतू तुटले’ किंवा ‘जोडणी बिघडली’ असं लिहू नका. एवढंच लिहा की पाण्याच्या सरकण्याची दिशाबद्धता कमी आढळली.

जपानच्या अभ्यासात काय केलं?

एकूण २,९३७ माणसं, १२ ठिकाणचे स्कॅन. त्यात स्किझोफ्रेनियाचे ६९६, बायपोलरचे २११, ऑटिझमचे १२६, डिप्रेशनचे ३९८ आणि निरोगी गटात १,५०६. ही मेगा-अ‍ॅनालिसिस आहे. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये प्रत्येक केंद्र आपापला निकाल काढतं आणि मग ते निकाल एकत्र करतात. मेगामध्ये प्रत्येक माणसाचा मूळ डेटाच एकत्र आणतात. मुलाखतीत हा फरक हमखास विचारतात, लक्षात ठेवा.

निकाल असे :

– कॉर्पस कॅलोसमच्या मधल्या भागात स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि ऑटिझम या तिन्ही गटांत निरोगी गटापेक्षा सारखाच फरक दिसला.
– फॉर्निक्स आणि सिंग्युलम या, भावना-स्मृतीशी संबंधित लिंबिक भागांत स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर या दोन गटांत फरक दिसला.
– अन्सिनेट फॅसिक्युलससारख्या, कॉर्टेक्सच्या भागांना जोडणाऱ्या मार्गांत फक्त स्किझोफ्रेनियात फरक दिसला.
– डिप्रेशनमध्ये निरोगी गटापेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही.
– स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांची थेट तुलना केली, तेव्हा लक्षणीय फरक आढळला नाही.
– हेच दोन आजार डिप्रेशनशी थेट ताडून पाहिले, तेव्हा लिंबिक भागांत फरक आढळला.

आता ही यादी पुन्हा एकदा वाचा. तिसरा आणि पाचवा मुद्दा एकमेकांशी जुळतात का?

‘फक्त स्किझोफ्रेनियात’ म्हणजे काय?

तिसरा मुद्दा म्हणतो, अन्सिनेटमधला फरक फक्त स्किझोफ्रेनियात आहे. पाचवा म्हणतो, स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये फरक नाही. वरवर बघता विरोधाभास वाटतो, पण तो आपल्या वाचण्यात आहे. ‘अ निरोगी गटापेक्षा वेगळा ठरला, ब ठरला नाही’ यावरून ‘अ आणि ब एकमेकांपेक्षा वेगळे आहेत’ असं सिद्ध होत नाही.

एक ढोबळ हिशोब करून बघू. समजा, दोन्ही आजारांत खरा फरक अगदी सारखाच आहे, ०.१८ स्टँडर्ड डेव्हिएशनचा. ६९६ रुग्ण आणि १,५०६ निरोगी माणसं असतील, तर अंदाजातली स्टँडर्ड एरर साधारण ०.०४६ येते. म्हणजे फरक शून्यापासून जवळपास चार स्टँडर्ड एरर दूर. बायपोलरचे २११ च आहेत, तिथे एरर ०.०७३, म्हणून तोच फरक अडीचच्या खाली येतो. समजा आपण २५ मार्ग तपासतोय आणि बॉनफेरोनी दुरुस्तीने पी-व्हॅल्यूची मर्यादा ०.०५ भागिले २५, म्हणजे ०.००२ ठेवली. पहिला निकाल आरामात पास, दुसरा नापास. मेंदूत फरक तेवढाच, पण एका गटाला ‘आहे’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असा शिक्का बसला. का? तर एका रांगेत माणसं जास्त होती.

हा आकडा मी समजावण्यासाठी घेतला आहे, पेपरातला नाही. पण धडा खरा आहे : दोन आजारांबद्दल बोलायचं असेल, तर त्या दोघांची थेट तुलना शोधा. त्या कसोटीवर ‘अन्सिनेट ही स्किझोफ्रेनियाची खास खूण’ हे विधान टिकत नाही. उलट ‘लिंबिक भागांत स्किझोफ्रेनिया-बायपोलर आणि डिप्रेशन वेगळे दिसतात’ हे टिकतं, कारण तिथे थेट तुलना झालेली आहे.

‘डिप्रेशनमध्ये फरक सापडला नाही’ म्हणजे काय?

त्याच २०२० च्या सुमारास ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने डिप्रेशनचा डीटीआय अभ्यास प्रसिद्ध केला. १,३०५ रुग्ण आणि १,६०२ निरोगी. प्रौढ रुग्णांमध्ये २५ पैकी १६ मार्गांत एफए कमी आढळला. फरकाचा आकार, म्हणजे कोहेनचा डी, ०.१२ ते ०.२६. किशोरवयीन रुग्णांमध्ये मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

मग जपानचा अभ्यास चुकला का? तसं म्हणायचं कारण नाही. ३९८ रुग्णांवर स्टँडर्ड एरर साधारण ०.०५६ येते. खरा फरक ०.१५ असेल, तर तो अडीच-पावणेतीन स्टँडर्ड एररच्या आसपास पडतो, आणि कडक मर्यादेपुढे निसटू शकतो. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की चित्र असं दिसतं : डिप्रेशनमधला फरक असलाच तर फार लहान आहे, आणि तो दिसायला खूप माणसं लागतात. ‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ यांच्यात एवढं अंतर आहे. पुरावा नसणं हा नसण्याचा पुरावा होत नाही.

फरक सापडला, पण केवढा?

एनिग्माने २०१८ साली स्किझोफ्रेनियावर असाच अभ्यास केला होता : १,९६३ रुग्ण, २,३५९ निरोगी, २९ ठिकाणं. २५ पैकी २० भागांत एफए कमी. संपूर्ण व्हाइट मॅटरच्या सरासरी एफएसाठी कोहेनचा डी ०.४२. या क्षेत्रात हा आकडा बऱ्यापैकी मोठा मानतात.

आता हा ०.४२ मराठीत आणू. दोन्ही गटांचे आलेख नेहमीच्या घंटेच्या आकाराचे आहेत असं धरलं, तर ते एकमेकांवर सुमारे ८३ टक्के चढलेले असतील. डोळे मिटून एक निरोगी आणि एक रुग्ण निवडला, तर १०० पैकी सुमारे ६२ वेळा निरोगी माणसाचा एफए जास्त असेल. नाणं उडवलं तर ५० वेळा बरोबर येतं, इथे ६२. डिप्रेशनच्या ०.१२ साठी हाच आकडा जेमतेम ५३.

म्हणजे गटाच्या पातळीवर फरक खरा, पुन्हापुन्हा दिसलेला. पण समोर बसलेल्या एका माणसाबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. ‘बायोमार्कर’ हा शब्द प्रपोजलमध्ये लिहिण्याआधी हे ६२ आठवा.

आणि फरक कशामुळे?

समजा फरक खरा आहे. तरी तो आजारामुळेच आहे असं म्हणण्याआधी निदान चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, हालचाल. स्कॅनरमध्ये डोकं हललं की एफएचे आकडे बिघडतात. अस्वस्थ माणूस जास्त हलतो, लहान मुलं तर हलतातच. ऑटिझम असलेल्या मुलांवरच्या २०१४ सालच्या अभ्यासांनी दाखवलं की दोन गटांची हालचाल सारखी केली, की सर्वत्र दिसणारे फरक बरेचसे विरून जातात.

दुसरी, औषधं. स्किझोफ्रेनियाच्या एनिग्मा अभ्यासात औषधाच्या डोसशी लक्षणीय संबंध दिसला नाही. बायपोलरच्या अभ्यासात मात्र लिथियम घेणाऱ्यांचा एफए जास्त दिसला. पण कोणाला कुठलं औषध मिळतं हे डॉक्टर आजार बघून ठरवतात, चिठ्ठ्या टाकून नव्हे. त्यामुळे औषध आणि आजार यांचा गुंता अशा अभ्यासातून पूर्ण सुटत नाही.

तिसरी, शेजार. फॉर्निक्स हा बारीकसा मार्ग पाण्याने भरलेल्या व्हेंट्रिकलला चिकटून असतो. स्किझोफ्रेनियात व्हेंट्रिकल सरासरीने मोठे असतात, हे १९७६ च्या सीटी स्कॅनच्या अभ्यासापासून माहीत आहे. व्हॉक्सेलमध्ये थोडं जास्त पाणी शिरलं की एफए आपोआप खाली. म्हणजे फॉर्निक्समधला फरक तंतूंचा की शेजारच्या पाण्याचा, हे विचारावंच लागतं.

चौथी, यंत्र. वेगवेगळ्या केंद्रांचे स्कॅनर वेगळे. एका केंद्रात रुग्ण जास्त आणि दुसऱ्यात निरोगी जास्त असतील, तर यंत्रांमधला फरक आजाराचा वाटू शकतो. यासाठी ‘कॉम्बॅट’सारख्या पद्धती वापरतात. ती मुळात जनुकांच्या डेटासाठी बनली होती आणि नंतर डीटीआयमध्ये आली.

मग हाती काय लागलं?

बरंच. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर यांच्यातलं साम्य जनुकांतही दिसतं आणि व्हाइट मॅटरमध्येही. दोन अगदी वेगळ्या पद्धती एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा विश्वास वाढतो. क्रेपेलिन यांची रेघ निसर्गाने ओढलेली नसून आपण सोयीसाठी ओढलेली असावी, या शंकेला बळ मिळतं. मात्र डिप्रेशनबाबत दोन्ही पुरावे पूर्ण जुळत नाहीत. जनुकांच्या त्याच अभ्यासात डिप्रेशनचा स्किझोफ्रेनियाशी आणि बायपोलरशी स्पष्ट सहसंबंध दिसतो. म्हणून ‘डिप्रेशन निरोगी अवस्थेजवळ’ हे वाक्य फक्त एफएपुरतं वाचा, अख्ख्या आजारापुरतं नाही.

आणि त्या वडिलांना काय सांगायचं? हेच, की एफए हा मेंदूचा एक आकडा आहे, आजाराचं प्रमाणपत्र नव्हे. तो निरोगी लोकांसारखा आला म्हणून मुलीचा त्रास खोटा ठरत नाही. मानसिक आजारात डॉक्टर कधी एमआरआय सांगतात, तो गाठ किंवा इतर काही कारण नाही ना हे बघायला. डिप्रेशनचं निदान आणि उपचार या आकड्यावर अवलंबून नाहीत. उद्या तुमच्या प्रयोगशाळेत स्कॅनसाठी येणारे लोक हा प्रश्न तुम्हालाच विचारतील. उत्तर आधीच तयार ठेवा.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

कॉलेजात एमआरआय नाही म्हणून थांबू नका. ‘ओपन न्यूरो’वर यूसीएलएचा एक डेटासेट मोफत मिळतो. त्यात निरोगी, स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि एडीएचडी अशा चार गटांचे स्कॅन आहेत, डिफ्यूजनसह. एफएसएल आणि एमआरट्रिक्स ही सॉफ्टवेअरही शैक्षणिक वापरासाठी मोफत आहेत. आधी हालचालीचे आकडे काढा, गटागटांत ते सारखे आहेत का बघा, आणि मगच एफएकडे वळा. भारतात बेंगळुरूच्या निम्हान्स आणि सहकारी संस्थांचा एक प्रकल्प एकाच घरात दोन किंवा जास्त जणांना गंभीर मानसिक आजार असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करतो. त्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी, व्यसन आणि डिमेन्शिया असे पाच आजार एकत्र पाहिले जातात. या दिशेने पीएचडी करायची असेल, तर त्यांचे पेपर जरूर वाचा.

आणि पुढचा कुठलाही पेपर हातात आला की समासात पेन्सिलीने चार प्रश्न लिहा : फरक केवढा? थेट तुलना झाली का? ‘नाही’ म्हणायला माणसं पुरेशी होती का? हालचाल, औषध, शेजार, यंत्र यांतलं काय वगळलं? उत्तरं पेपरातच सापडली तर पेपर चांगला. नाही सापडली, तर तिथे तुमचा रिसर्च क्वेश्चन असू शकतो.